फिक्या बिस्किटाचं स्थळ

आमच्या आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. घरात अंडं येत नव्हतं, आणि परसात कुणाची कोंबडी शिरली तरी आबा तिला 'जा गं बाई' म्हणून हाकलायचे. याच आबांनी माझ्या दोन्ही थोरल्या बहिणी पलटणीतल्या माणसांना दिल्या होत्या, आणि मलाही बंदूकवालाच नवरा पाहायचा असा त्यांचा पण होता. स्वतः मुंगीसुद्धा मारायची नाही, पण जावई मात्र माणसं मारणारा हवा, यात काही खटकण्यासारखं आहे असं आमच्या आष्ट्यात कुणालाच वाटत नव्हतं.

माझे थोरले दाजी लढाईभर पुण्याच्या एका गोदामात पोत्यांची राखण करत होते. पण सुट्टीवर आले की पारावर बसून ते शत्रूला असं काही पाणी पाजायचे, की ऐकणाऱ्याच्या विडीची राख धोतरावर पडायची. आबा शेजारी बसून मान डोलवायचे. गोदामाचं आम्हा बायकांना ठाऊक होतं, आबांनाही असणारच. पण अंगावर खाकी डगला असला की आत काय आहे ते विचारायची आमच्या घरात रीत नव्हती.

लढाई संपली, पोरं माघारी यायला लागली, आणि कोरेगावकडचं एक स्थळ मला सांगून आलं. मुलगा पलटणीतून इटलीला जाऊन आला होता. आईबाप नव्हते, शेतीवाडी होती, आणि चुलते पुढाकार घेत होते. हे चुलते बोलायला तरबेज. 'साहेबाचा निस्ता उजवा हात हुता बगा आमचा पोरगा,' असं त्यांनी आबांना सांगितलं. त्या उजव्या हातात काय असायचं, हे आबांनी विचारलं नाही. बंदूकच असणार, दुसरं काय?

मला पाहायला म्हणून दोघं सर्व्हिस मोटारीनं धुरळा खात आले. आई माझ्या लहानपणीच गेली होती. घर चालवायची आबांची थोरली बहीण, आमची आत्या. ती आणि मी सैपाकघरात होतो आणि दाराच्या फटीतून पाहत होतो. मुलगा अंगानं सडपातळ, खाली बघून बोलणारा. हातात एक पत्र्याचा डबा. तो त्यानं आबांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "थोडी बिस्किटं हायत."

साखर रेशनवर असलेले ते दिवस. पाहुणे पेढ्यांऐवजी गुळाचा खडा घेऊन आले तरी चालून जायचं. त्यात हा विलायती डबा. आबा खूश झाले, पण हात पुढे करायच्या आधी माळ चाचपून त्यांनी विचारलं, "अंडं असतंय का ह्यात?"

"छ्या," चुलते म्हणाले, "साहेब लोकांची चीज, एकदम सोवळी." साहेब लोकांचं सोवळं त्यांनी कुठं पाहिलं होतं कोण जाणे.

मुलगा मात्र शांतपणे म्हणाला, "अंडं न्हाई, मामा. सोडाबी न्हाई. पीठ, लोणी, साखर आन् मिठाची कणी. बास."

आबांनी मान हलवली आणि डबा आत पाठवला. एवढं बारीक उत्तर बंदूकवाल्याला कसं ठाऊक, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आत आत्यानं डबा तपासायला घेतला. डब्यावर डोंगर होते, आणि डोंगरापुढं चुण्यांचा घागरा घातलेला एक माणूस फुगलेली पिशवी काखेत धरून तिच्या नळीत फुंकत होता. "ह्या बाईला मिशा हायत की गं," आत्या म्हणाली. मग तिनं झाकण काढलं आणि तिचा चेहरा पडला.

बिस्किटं कशी असतात हे आम्हाला चांगलं माहीत होतं. सणाच्या आधी घरचं पीठ, तूप, साखर डोक्यावर घेऊन लोक भट्टीवर जायचे आणि नंबर लावून समोर बसून नानकटाई भाजून आणायचे. आपलं तूप दुसऱ्याच्या नानकटाईत जाऊ नये म्हणून आत्या भट्टीवाल्याच्या हातावरची नजर काढायची नाही. नानकटाई म्हणजे कशी, टम्म फुगलेली, वरून तडकलेली, कडेला तांबूस, आणि वेलदोड्याचा वास घरभर. खारी म्हणजे पदर सुटलेली. टोस्ट म्हणजे दगड. डब्यातलं हे प्रकरण यातल्या कशातच बसत नव्हतं. बोटाएवढे जाड तुकडे, वर टोचून पाडलेली भोकं, फुगवटा नाही, तडा नाही, वेलदोडा नाही. आणि रंग कसला, तर कच्च्या पिठाचा.

"कच्चं ऱ्हायलंय गं हे," आत्या हळू आवाजात म्हणाली. "बिचाऱ्यानं इतक्या लांबनं आणलं. आसंच बशीत घालून न्हेलं तर चारचौघांत त्याची अब्रू जाईल."

आत्या मनाची मोठी. पाहुण्याची अब्रू राखायला तिनं चुलीवर तवा ठेवला आणि ती बिस्किटं भाकरीसारखी शेकायला घेतली.

बाहेर आबा तोफांबद्दल विचारत होते. तोफेचा गोळा किती लांब जातो, आवाजानं कान बसतात का, असं. मुलगा काहीतरी बोलायला लागला आणि मध्येच थांबला. तव्यावर लोणी सुटून जळायला लागलं होतं, आणि त्याचा वास ओसरीपर्यंत गेला होता. पुढचं मला नीट आठवतं, कारण तसं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मुलगी पाहायला आलेला नवरदेव ताडकन उठला आणि सरळ मुलीच्या सैपाकघरात शिरला.

मी ओचा खोचून कांदा चिरत होते. अजून नवं लुगडंही नेसले नव्हते. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. आत्याच्या हातातलं फडकं घेतलं, तवा उतरवला, एकेक तुकडा बोटांच्या टोकांनी उचलून थंड ताटात ठेवला. चटका बसत असणार, पण हात कुठं गडबडला नाही.

"आवं आत्याबाई," तो म्हणाला, "ह्येला रंग येऊ द्यायचा नसतो."

मग डब्यात उरलेला एक तुकडा त्यानं माझ्यापुढं धरला. "ह्यो खाऊन बगा. खरा ह्यो."

मी खाल्ला. आजवरची बिस्किटं एक तर दाताशी भांडायची, नाहीतर चहात बुडवल्याशिवाय ऐकायची नाहीत. याला चावावं लागलंच नाही. दात टेकला आणि ते रवाळ होऊन जिभेवर मोकळं झालं. आधी लोणी, मग साखर, आणि अगदी शेवटी मीठ आहे की नाही असा भास. मी म्हटलं, "ह्यात पानी न्हाई वाटतं." पाहायला आलेल्या मुलाशी मुलीनं बोललेलं हे पहिलं वाक्य.

तो एकदम खुलला. "थेंबबी न्हाई. पानी घातलं की चिवट हुतंय. मळायचंबी नसतं, निस्तं चोळायचं. साहेब म्हणायचा, घाई न्हाई, रंग न्हाई, फुगवटा न्हाई. गावाकडची लय आठवण यायची त्येला, मग यायचा आन् माझ्या शेजारी हुबा ऱ्हाऊन शिकवायचा."

एवढ्यात आबा दारात येऊन उभे राहिले, मागं चुलते.

"पलटणीत तुमी काय करत हुतासा?" त्यांनी विचारलं.

चुलते आढ्याकडं पाहायला लागले. मुलगा उभा राहिला, हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "साहेब लोकांच्या मेसमधी सैपाक करत हुतो, मामा. ही बिस्किटंबी मीच केल्यात. साताऱ्याच्या भट्टीत. डबा निस्ता साहेबानं दिलेला."

इथं थांबला असता तरी भागलं असतं. पण तो साधा माणूस, विचारलं नव्हतं तेही सांगून बसला. साताऱ्याचे भट्टीवाले चाचा म्हातारे झाले होते, त्यांनी याला हाताशी घ्यायचं कबूल केलं होतं, आणि हळूहळू ती भट्टी हाच चालवणार होता. हे बिस्कीट आपल्याकडे कुणीच करत नाही, म्हणाला. सांगताना त्याचं तोंड उजळून निघालं होतं, आणि त्याच मापानं आबांचं काळवंडत होतं.

पोहे खाऊन पाहुणे गेले. मला कुणी चालून दाखव म्हटलं नाही, सुईत दोरा ओवायला सांगितला नाही. लुगडं घडी न मोडता पेटीत गेलं. आबा म्हणाले, "आचाऱ्याला पोरगी द्यायची न्हाई."

मी आत्याला गाठून सांगितलं की मला हेच स्थळ हवंय.

"बिस्किटापायी?" ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं, कारण तेवढंच सांगता येण्यासारखं होतं. खरं म्हणजे बहिणींना पाहायला आलेले लोक मी पाहिले होते. जनावरांच्या बाजारात दात बघतात, त्याहून फार वेगळं ते नव्हतं. या माणसानं माझं रूप पाहिलं नाही, रंग पाहिला नाही. कामातल्या माणसानं कामातल्या माणसाशी बोलावं तसा तो माझ्याशी बोलला. मला तो माणूस हवा होता, इतका की रात्रीचं जेवण जाईना.

आत्यानं आबांपुढं विषय काढला. आबा म्हणाले, "आक्का, लोक काय म्हणतील?"

"थोरल्या जावयाच्या गोदामाला काय म्हंत्यात?"

दोन दिवस आबांनी आत्याशी अबोला धरला, म्हणजे मीठ हवं असलं तर मला सांगायचे. मग कोरेगावला निरोप गेला आणि दोघं पुन्हा आले. यावेळी डबा नव्हता.

आबा म्हणाले, "पोरगी देतो. पण मेसचं नाव काढायचं न्हाई. भट्टी सोडायची, शेती करायची. घरातबी कवा चुलीपुढं बसायचं न्हाई. माझ्या जावयाच्या हातात उलथनं मला बघायचं न्हाई. द्या शब्द."

मी दाराआडून ऐकत होते. त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाला, "दिला."

मला आनंदानं भरून आलं. माणूस मिळाला आणि गेलं काय, तर एक बिस्कीट. त्या वयात मला वाटलं, किती स्वस्तात सौदा झाला.

लग्न होऊन मी कोरेगावला आले. माणूस निवडण्यात माझी चूक झाली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आवाज चढवून बोलणं नाही, ताटाला नाव ठेवणं नाही. शब्द मात्र त्यांनी असा पाळला की घेणाऱ्यालाही लाज वाटावी. मी तापानं फणफणले होते, तेव्हा हे शेजारणीला विनवून घेऊन आले, पण चुलीत फुंकर घातली नाही. शेंगा घेऊन गाडी साताऱ्याला गेली तर भट्टीच्या गल्लीतून ती कधी घातली नाही, लांबून वळसा घेतला. चाचांनी दोनदा निरोप धाडला. मग भट्टी दुसऱ्या कुणीतरी धरल्याचं कळलं, ते ऐकून हे बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

माझ्या मनात आलं, यांनी करायचं नाही म्हणून मी करू नये असं कुठंय? मी करून वाढावं, यांनी खावं. आबांच्या शब्दाला कुठं धक्का लागत नव्हता. उलट नवऱ्याला गोडधोड करून घालणारी बायको म्हणून माझं कौतुकच झालं असतं.

पहिल्यांदा मी तूप घातलं. घरचं कणीदार तूप असताना लोणी कोण घालतं? पातेल्यात वाळू, वर ताटली, ताटलीवर निखारे. झाली नानकटाई. यांनी खाल्ली आणि "चांगलं झालंय" म्हणाले. पुढच्या वेळी लोणी घातलं, पण लोण्यात ताक राहिलेलं, त्यामुळे झाला चिवट दामटा. "चांगलं झालंय." मग मी सवयीनं मनगटाचा जोर काढून गोळा मळला. आमच्याकडं पीठ समोर आलं की त्याला तिंबल्याशिवाय बाईला चैन पडत नाही. चोळायचं, मळायचं नाही, हे ऐकलेलं असूनही हात ऐकत नव्हते. ते तर मुसळानं फोडावं लागलं. यांनी तेही कुरकुर न करता खाल्लं, दाढेखाली ठेवून, हळूहळू. "चांगलं झालंय."

मी रागावून म्हटलं, "काय चुकलं ते सांगा की."

"त्येबी शब्दातच आलं," ते म्हणाले.

शब्दात असं काही नव्हतं. दाराआडून मी सगळं ऐकलं होतं. पण हे एकदा शब्दाचा अर्थ लावायला बसले की तो आबांपेक्षाही कडक लावायचे.

रेशनची साखर उरेल तेव्हा मी करत राहिले. बोलत नव्हते ते, तर मी त्यांच्याकडं पाहायला लागले. एकदा मोदकांसाठी तांदळाची पिठी परातीत काढली होती. हे पाणी प्यायला आले, आणि त्यांचा हात आपसूक परातीकडं गेला. चिमूटभर पिठी दोन बोटांत घेऊन ते चोळत राहिले, कितीतरी वेळ. मग एकदम भानावर आले, हात झटकला आणि पाणी न पिताच गेले. रवाळपणा कशानं येतो ते मला कळलं.

त्या खेपेला मी लोणी पुन्हा पुन्हा धुतलं, फडक्यात दाबून कोरडं केलं. गव्हाच्या पिठात थोडी पिठी, साखर वाटून, मिठाची कणी. बोटांच्या टोकांनी चोळलं, मळलं नाही. काडीनं टोचलं. निखारे राखेत झाकून मंद ठेवले आणि रंग यायच्या आत उतरवलं. उतरवताना आत्याची आठवण झाली. कच्चं राहिलं की काय, अशी धाकधूक होतीच.

यांनी तुकडा तोंडात टाकला आणि चावायचे थांबले. डोळे मिटले. "व्हय," म्हणाले, "ह्येच."

मी हसले, पण त्यांचं तोंड हसण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "तुला जमत न्हवतं तवर ते माझं हुतं."

रागानं म्हणाले असते तर मी चार शब्द उलटून बोलले असते. पण ते रागानं बोलले नव्हते. मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं मी समजत होते की त्यांचं गेलेलं त्यांना परत करतेय. उरलेलं होतं तेवढंही काढून घेतलं होतं मी. मी म्हटलं, "उद्यापासनं तुमीच करा. कोण बघतंय हितं?"

"मामांना शब्द दिलाय."

मग मी आष्ट्याला निघाले. नुकतेच सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले होते आणि माझं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं. आबा मात्र होते तिथंच होते, ओसरीवर ऊस सोलत. वाटेत मोटारीत मी भांडणाची सगळी तयारी केली होती. पाया पडायचं, मग रडायचं, तरी ऐकलं नाही तर जेवायचं नाही असं ठरवून आले होते. आत्यालाही हाताशी धरायचं होतं.

मी म्हटलं, "आबा, त्यांना शब्दातनं मोकळं करा."

"कसला शब्द?"

मला वाटलं ते मुद्दाम विचारतायत. मी सगळं सांगितलं. भट्टी, मेस, चूल, उलथनं. आबांनी उसाचं कांडं दातात धरलं, साल ओढली, विचार केला.

"आसं म्हणालो हुतो व्हय मी? म्हणालो आसन. पोरीच्या बापाला तवा काय काय म्हणावं लागतंय. करू दे की त्येला काय करायचं ते. आन् झाली तर मलाबी धाड चार. त्यात अंडं नसतं न्हवं?"

आणि कांड्याचा एक तुकडा त्यांनी माझ्यापुढं धरला, चांगला गोड आहे म्हणून.

मला भयंकर संताप आला. एका माणसानं मनाविरुद्ध भट्टी सोडली, गल्ली सोडली, तापात पडलेल्या बायकोला घोटभर पेज करून दिली नाही, आणि ज्याच्यासाठी हे केलं तो ते केव्हाच विसरून ऊस खात बसला होता. आत्या दारातून माझ्याकडं बघत होती. तिला कळलं असावं. ती म्हणाली, "जेवून जा."

मी जेवले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. हे गोठ्यात होते. मी म्हटलं, "आबांनी तुमाला मोकळं केलं."

"काय म्हणाले?"

मोटारीत मी याचं उत्तर शोधत आले होते. "म्हणाले, लय पाळला शब्द. आसा जावई मिळायला भाग्य लागतं."

यांचे डोळे भरून आले. खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसत म्हणाले, "माणूस दिलदार हाय." खरं काय झालं ते मी सांगितलं नाही, तेव्हाही आणि नंतरही.

सकाळी उठले तर हे चुलीपुढं बसले होते. माझ्याकडून लोणी मागून घेतलं, पिठी मागून घेतली, आणि मला जरा बाजूला सरकायला सांगितलं. निखारे त्यांनी हातानं सारखे केले. बिस्किटं उतरली तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि सगळी सारखी फिकी होती. मी हात पुढं केला, तर त्यांनी तो अडवला. पहिली चार त्यांनी धुतलेल्या फडक्यात नीट बांधून वेगळी ठेवली, आष्ट्याला आबांकडं पाठवायची म्हणून.